मंगळवारी सकाळी साडेनऊला

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी,

मसालेभाताचा वास मलाही येतोय, तेव्हा आटोपतं घेतो.

१० डिसेंबर म्हटलं की काय आठवतं? बघा, घरमालकांनी लगेच कपाळाला हात लावला! प्रॉपर्टी टॅक्सच्या पहिल्या हप्त्याची मुदत. आता तो चेक ज्या लॉस एंजेलिस काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याकडे जातो, तिथल्या आपल्या सुपरवायझरचं, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डावर आपण निवडून दिलेल्या माणसाचं, नाव सांगा. शांतता. लाजू नका, काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही येत नव्हतं.

गंमत म्हणजे गावाकडचा सातबारा आपण इथे बसून फोनवर उघडतो. चुलत्यांनी परस्पर फेरफार तर केला नाही ना? गणपतीच्या हिशोबात वड्यांवर ४० डॉलर जास्त खर्च दिसला, तर सर्वसाधारण सभेत अर्धा तास त्यावरच जातो. आपले खजिनदार बघा, मान डोलावतायत. म्हणजे हिशोब मागायची सवय आपल्याला आहे, फक्त ती काउंटीच्या दाराशी जाऊन थांबते.

सुमारे १ कोटी लोकांची ही काउंटी. ४५ अब्ज डॉलरांच्या वरचं बजेट. शेरीफ, तुरुंग, सरकारी हॉस्पिटलं, निवडणुका, आपल्या घराचं मूल्यांकन, सगळं तिच्याकडे. आणि सुपरवायझर पाच. १९१२ साली चार्टर, म्हणजे काउंटीची घटनाच म्हणा, झालं तेव्हा वस्ती ५ लाखांच्या आसपास होती, तेव्हाही पाचच. आज एकेकाच्या वाट्याला २० लाख माणसं येतात. आपल्याकडच्या एखाद्या खासदाराएवढा मतदारसंघ, आणि काम मात्र नगरसेवकाचं!

हे बदलायला नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मेझर जी’ हा प्रस्ताव मतदानाने मंजूर झाला. पुढे सुपरवायझर ९ होतील, काउंटीचा मुख्य कार्यकारी अधिकारी लोक निवडून देतील, कारभाऱ्यांच्या वागणुकीवर नजर ठेवणारं एथिक्स कमिशन येईल. चांगलंच आहे. पण पुढची गोष्ट ऐका. काउंटीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा काही भाग तुरुंगांऐवजी समाजोपयोगी कामांना द्यायचा, असं ‘मेझर जे’ लोकांनी २०२० मध्येच मंजूर केलं होतं. ते चार्टरच्या मजकुरात चढवायचंच राहून गेलं. त्या अपुऱ्या मजकुरावर ‘जी’चा मसुदा बेतला गेला, आणि ‘जी’ लागू होताना ‘जे’ पुसलं जाईल असा घोळ झाला. काउंटीचे वकील, अधिकारी, बाजूचे, विरोधातले, मतदानापूर्वी कुणालाच पत्ता नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्वार्टे या छोट्या शहराच्या एका माजी नगरसेवकाने ते लक्षात आणून दिलं. पारदर्शकता आणायला निघालेल्या सुधारणेतच हे व्हावं! तो मजकूर कुठे लपवलेला नव्हता हो. मतदानाआधी आपल्या सगळ्यांच्या घरी पुस्तिका आली होती. माझी रिसायकलिंगच्या डब्यात गेली.

कुणी वाचलंच नाही तर काय होतं, ते याच काउंटीतल्या बेल शहराने दाखवलंय. २००५ मध्ये तिथे चार्टरसाठी खास निवडणूक झाली. मतं पडली ४०० हूनही कमी. आधीच्या राज्य कायद्याने नगरसेवकांच्या पगारावर मर्यादा होती, ती त्या चार्टरमुळे सुटली. २०१० मध्ये पत्रकारांनी कागद बाहेर काढले, तेव्हा जेमतेम ३५ हजार वस्तीच्या त्या गरीब शहराचा सिटी मॅनेजर वर्षाला जवळजवळ ८ लाख डॉलर पगार घेताना सापडला. पुढे तो तुरुंगात गेला.

कायदे आपल्या बाजूचे आहेत. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्याप्रमाणे नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो आणि कुणालाही बोलता येतं. सार्वजनिक कागद मागायचा कायदा १९६८ चा. आपल्या माहितीच्या अधिकाराचा थोरला भाऊच म्हणा. तिथे उत्तराला ३० दिवस, इथे कागद देणार की नाही हे १० दिवसांत सांगावं लागतं. का हवंय ते विचारायचं नाही. आणि हे एच-वन व्हिसावाल्यांनी नीट ऐका: अर्जाला नागरिकत्व लागत नाही.

मी एकदा करून पाहिलं. घरासमोरचा फूटपाथ झाडाच्या मुळांनी वर उचलला गेला होता, आमची ही दोनदा अडखळली. तक्रार केली, महिने गेले. शेवटी एका खात्याकडे त्या तक्रारीचे कागद मागितले. दहाव्या दिवशी पत्र आलं, आणखी १४ दिवस हवेत. मग तीन पानं आली. तिसऱ्या पानावर शेरा होता: पाहणी झाली, तक्रार निकाली. पाहणीला कुणी आल्याचं आम्हाला तरी आठवत नाही, आणि ही दिवसभर घरीच असते! तेच पान घेऊन मी सुपरवायझरच्या ऑफिसात गेलो. तीन आठवड्यांत फूटपाथ सपाट. मी फारसं बोललोही नाही, पान पुढे ठेवलं.

निवृत्त मंडळींसाठी आणखी एक काम आहे, सिव्हिल ग्रँड ज्युरी. २३ नागरिक वर्षभर काउंटीचा कारभार तपासतात, अहवाल लिहितात, आणि त्याला सुपरवायझरांना लेखी उत्तर द्यावंच लागतं. इथे मात्र नागरिकत्व हवं. आपले जोशीकाका बँकेत ऑडिटला होते. काका, मान खाली घालू नका, मी तुमच्याकडेच बघतोय.

बोर्डाची सभा मंगळवारी सकाळी साडेनऊला, डाउनटाउनच्या हॉल ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये असते. पुढच्या महिन्यात मी जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत. अजेंडा आधी वाचून यायचा, आणि डबा ज्याचा त्याने आणायचा.