फल्लीचं दूध

राम राम मंडळी! आज इथं माईकसमोर बसायच्या आधी साबणानं तीनदा हात धुतले तरी हाताला फल्लीचा वास येऊनच राहिला, कारण सकाळी उठून एक गंज दूध काढून आली मी, अन् आमची गाय तर दिवाळीपासूनच आटलेली आहे, मग हे दूध कशाचं तर फल्लीचं. म्हणजे शेंगदाण्याचं हो, बाहेरगावचं कोणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी सांगते, आमच्या विदर्भात शेंगदाणा म्हणजे फल्ली, त्याचं तेल ते फल्ली तेल.

झालं असं की मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा पुण्याहून आला. आल्या आल्या म्हणतो, आत्या मी गायीम्हशीचं दूध बंद केलं, पोटाला झेपत नाही. बॅगेतून त्यानं बदामाच्या दुधाचे दोन डबे काढले. दोन दिवसांत ते संपले अन् आमच्या तालुक्याच्या गावात तीन दुकानं फिरला, तिसऱ्या दुकानदारानं तर त्याला बदाम शेकची पावडर दिली. मी तो रिकामा डबा चष्मा लावून वाचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा, बदाम किती टक्के, तर लय थोडे हो, बाकी पाणी अन् साखर अन् दूध फुटू नये म्हणून टाकलेलं काहीबाही. अन् किंमत पाहून मी डबा धुऊन ठेवून दिला, म्हटलं एवढ्या पैशाचा आहे तर निदान दाळ तरी भरू त्यात. बरं, त्याच्यावर दूध असं लिहिलेलंही नसतं, ड्रिंक नाहीतर बेव्हरेज लिहितात, कारण आपल्याकडच्या नियमानं जनावराचं असेल त्यालाच दूध म्हणायचं, नारळाच्या दुधाला तेवढी सूट, ते नाव आधीपासूनच चालत आलंय म्हणून. आता घरात आपण काय म्हणायचं ते काही कोणी तपासायला येत नाही, मी तर दूधच म्हणते.

तर म्हटलं बाबू थांब, घरात उन्हाळी भुईमुगाचं पोतं पडलेलं आहे, बदाम कायले पाहिजे? आपल्या अकोल्याचं नाव लागलेलं वाण आहे बरं का, टीएजी-२४, ते टीएजी म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट, ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र अन् आपलं कृषी विद्यापीठ यांचं मिळून. अन् बदामात अन् फल्लीत तेल-प्रथिनांचा फार फरक नाही, उलट प्रथिनं फल्लीत थोडी जास्तच, शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम धरा. फक्त फल्ली ही झाडावरची नाही, वाल-मुगाच्या भाऊबंदकीतली आहे, म्हणून तिला कच्चट वास असतो, तो घालवायचा म्हणजे अर्धं काम झालं.

बाकी अर्धं काम निवडण्यात आहे. इथं जरा थांबते, कारण सगळे व्हिडिओवाले सांगतात दाणे घ्या, भिजवा, मिक्सरमधून काढा, पण कोणते दाणे घ्या हे कोणी सांगत नाही. आपल्याकडं उन्हाळी भुईमूग काढायला अन् पहिला पाऊस यायला एकच गाठ पडते. शेंगा ओल्या राहतात, पोत्यात जातात, अन् मग आत बुरशी धरते. ती हिरवट-पिवळी बुरशी जे विष सोडते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. हे कसं सापडलं तर १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे ते मोठे कोंबडीसारखे पक्षी लाखाच्या वर पटापट मेले, कोणालाच कळेना काय रोग आहे, शेवटी शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेत दोष निघाला. अन् हे विष उकळून जात नाही मंडळी, घरच्या चुलीवर, गॅसवर कितीही खदखदवा. म्हणून दाणे सुपात घ्या, उजेडात बसा, आकसलेला, काळपट, डागी, फुटका, वजनाला हलका असा दाणा बाजूला काढा, एखादा चावून पाहिला अन् कडू लागला तर थुंका, गिळू नका. माझ्या सासूबाई एक वाटी निवडायला अर्धा तास लावायच्या तेव्हा मला राग यायचा, आता मी चाळीस मिनिटं लावते. अन् ते काढलेले खराब दाणे गायीच्या टोपल्यात टाकू नका बरं! गायीनं खाल्लं की ते विष तिच्या दुधात उतरतं अन् फिरून आपल्याच कपात येतं. धुऱ्यावर खड्डा करून पुरून टाका, कोंबड्यांनाही नको.

आता कृती. एक वाटी दाणे, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, रात्री भरपूर पाण्यात भिजवा. थंडीत आठ-नऊ तास ठीक आहे पण मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पाच तास पुरे अन् मधे एकदा पाणी बदला, मी एकदा बदललं नव्हतं तर सकाळी पाण्याला फेस अन् आंबूस वास, सगळं कोंबड्यांना गेलं. फ्रिज असेल तर भिजवलेलं भांडं त्यातच ठेवा, पण लाईटचा काय भरवसा. भिजलं की ते पाणी फेकून द्या, दुधात घेऊ नका. मग दाण्यावर उकळतं पाणी ओता, त्यात खायच्या सोड्याची अगदी चिमूट, दोन मिनिटांनी चोळलं की लाल साल सुटते. साल काढायचीच, ती तुरट असते, नाहीतर दूध गुलाबीसर अन् कडवट होतं.

वाटताना आधी पाणी थोडंच घाला हो, इथं सगळे चुकतात. एकदम चार-पाच वाट्या पाणी ओतलं तर मिक्सरचं पातं नुसतं पाणी घुसळतं अन् दाणा तसाच गरगर फिरतो. आधी अर्ध्या वाटीत लोण्यासारखं वाटून घ्या, दोन बोटांत धरून पाहा, रवाळ लागलं तर अजून फिरवा, मग पाणी वाढवत जा, सगळं मिळून पाच वाट्या. लाईट नसेल तर पाट्यावर होतं, मी केलं आहे, दंड दुखतात पण दूध मला तरी जास्त दाट वाटलं. मग जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं गंजावर बांधा, ओता, अन् पिळा. चाळणीनं काही होत नाही. पिळून झालं की चोथ्यावर अजून अर्धी वाटी पाणी टाकून पुन्हा एकदा पिळा, तुम्हाला वाटेल संपलं सगळं पण दुसऱ्या पिळण्यातही बरंच निघतं.

अन् पांढरं शुभ्र दिसतं पाहा! आमचा पोट्टा विचारे, आई दाणा तर पिवळसर मग दूध पांढरं काहून? तर गायीचं दूध पांढरं असतं त्याच कारणानं, तेलाचे बारीक बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात अन् उजेड त्यांच्यावर पडून चहूकडे फाकतो, म्हणून. ठेवलं तर थर बसतो, तेव्हा पिताना ढवळून घ्यायचं, नासलं म्हणून फेकू नका.

आता मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा अन् सराटा तळाशी फिरवत राहा. हे दूध गायीच्या दुधापेक्षा लवकर खाली लागतं अन् उतू जायलाही वस्ताद आहे, मी फोन घ्यायला वळले तेवढ्यात अख्खी शेगडी भिजली एकदा. विलायची टाका, गूळ टाकायचा तर उतरवून कोमट झाल्यावर टाका, उकळत्यात गूळ पडला की फाटायची भीती असते. चहाचंही तसंच, अद्रक टाकलेल्या चहात हे दूध उकळायचं नाही, चहा गाळून घ्या अन् वरून गरम दूध ओता. रंग थोडा राखाडी येतो, मी खोटं सांगत नाही. आमच्या घरी मामंजींनी पहिला घोट घेतला अन् म्हणाले, "सूनबाई, चहा बरा हाय, पर दूध कोण्या जनावराचं हाय थे सांग मले!" ह्यावर घरातले सगळे हसले. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनीच कप पुढं केला, कारण म्हशीच्या दुधानं त्यांच्या पोटात रात्रभर गुडगुड व्हायचं ते झालं नव्हतं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, ती पचवणारा रस वय वाढलं की लय जणांच्या पोटात कमी होतो, अन् फल्लीच्या दुधात ती साखरच नाही.

खर्च सांगू? दाणे दीडशे रुपये किलो धरले तरी दीडशे ग्रॅमचे साडेबावीस रुपये, अन् त्यात लिटरभराच्या आसपास दूध. गॅस अन् माझी चाळीस मिनिटं वेगळी, पण त्याचे पैसे आजपर्यंत कोणी दिलेत.

ही काही नवी थेरं नाहीत बरं. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होऊन गेले, गुलामगिरीत जन्मलेले, तिकडच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात शिकवायचे, अन् वर्षानुवर्षं नुसता कापूस लावून जमिनी पार थकलेल्या, हे आपल्याला काय नवीन सांगायचं. ते शेतकऱ्यांना म्हणायचे भुईमूग लावा. १९२१ साली तिथल्या संसदेच्या कमिटीपुढं त्यांना बोलायला दहा मिनिटं दिली होती, त्यांनी भुईमुगापासून केलेल्या एकेक वस्तू काढून दाखवायला सुरुवात केली, त्यात फल्लीचं दूधही होतं, अन् कमिटीवाले ऐकतच बसले, वेळ वाढवून दिली.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उद्या कोणी सून तान्ह्या लेकराला हेच पाजेल अन् नाव माझं होईल. आपल्या वर्धेजवळ सेवाग्रामात १९३६ पासून राहिलेले बापू, त्यांनी त्याच्या कितीतरी आधी गायी-म्हशीचं दूध सोडलेलं होतं. १९१८ साली तिकडं गुजरातेत खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचं मुख्य खाणं शेंगदाण्याचं लोणी अन् लिंबू होतं, त्यांनीच लिहून ठेवलंय. मग आजारी पडले, अंथरुणाला खिळले. दुधाऐवजी काय घेऊ म्हणून डॉक्टर-वैद्यांना विचारलं तर कोणी मुगाचं पाणी सांगितलं, कोणी मोहाचं तेल, अन् कोणी बदामाचं दूध. सगळं करून पाहिलं, अंगात काही ताकद भरली नाही, शेवटी बकरीच्या दुधावर आले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही हा प्रयोग झालेला आहे अन् तो फसलेला आहे.

तेव्हा हिशोब सरळ ठेवा. प्रथिनं फल्लीच्या दुधातून मिळतात, तेलही मिळतं, पण कॅल्शियम नाही. गायीच्या लिटरभर दुधात बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं अन् आपल्या ह्या लिटरभरात शंभर-सव्वाशे म्हणजे डोक्यावरून पाणी. बी-१२ तर झाडाझुडपाच्या दुधात नसतंच. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे अजिबात द्यायचं नाही. अन् फल्लीची ॲलर्जी असलेल्यानं तर त्या गंजाजवळही फिरकू नये, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

सोयाबीनचं विचाराल तर होतं, आपल्या वावरात तर तेच आहे. पण त्यात पचन अडवणारा एक घटक असतो, तो नीट उकळल्याशिवाय मरत नाही. आमच्या बचत गटातल्या एकीनं फेस वर आला म्हणजे उकळलं असं समजून उतरवलं, अन् रात्रभर घरचे चौघं रांगेत. सोयाबीनचा फेस खोटा असतो, उकळी यायच्या आधीच वर चढतो, तो खाली बसवून मग खरी उकळी आल्यावर वीस मिनिटं धरा. वाटतानाही उकळतं पाणीच घ्या म्हणजे तो शेंगेचा वास उठत नाही, फक्त मिक्सरचं झाकण घट्ट दाबू नका, वाफेनं उडतं, फडक्यानं धरा. बदामाचं सोपं आहे, रात्री भिजवा, साल काढा, वाटा, गाळा, उकळायची तेवढी गरज नाही, परवडत असेल त्यांनी करावं.

चोथा फेकू नका. त्यात तिखट, मीठ, लसूण, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर हो, टाकून तव्यावर परतला की भाकरीसोबत चटणी झाली, नाहीतर ज्वारीच्या पिठात मळून घ्या, भाकर मऊ होते. उन्हाळ्यात तो तासाभरात वापरायचा, लगेच आंबतो. दूधही बाहेर चार-पाच तासांपेक्षा जास्त नको, फ्रिजमध्ये दोन दिवस.

अन् ह्या दुधाचं दही लागतं का, हा प्रश्न मागच्या वेळी दोघी-तिघींनी विचारला होता. लागतं म्हणतात, कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर झाकून ठेवायचं. मी दोनदा लावलं, दोनदा वर पाणी अन् खाली गाळ. तिसऱ्यांदा आज सकाळच्याच दुधाचं लावून आली आहे, देठ मोजून आठ टाकलेत, घरी जाऊन झाकण उघडते अन् पुढच्या बुधवारी सांगते.