उद्या दुपारचा निरोप

(सरसपूर, अहमदाबाद. दुपार. छपरावर चुना मारणाऱ्या दोघी.)

अहमदाबादचं सरसपूर. जुन्या गिरण्यांची वस्ती. भर दुपारी इथल्या पत्र्यावर तळहात टेकवत नाही. बादलीत कालवलेला चुना, लांब दांड्याचा ब्रश, आणि बघता बघता काळपट छप्पर पांढरं होतं. पांढऱ्या छपरावरून ऊन परततं, खालची खोली थोडी कमी तापते. या दोघींना कुणी तापमानवाढीवर व्याख्यान दिलेलं नाही. छप्पर पांढरं करा, एवढंच सांगितलं, आणि ते त्यांना पटलं.

(संग्रहातील दृश्यं : आंतरराष्ट्रीय परिषदेचं सभागृह.)

आता हे सभागृह बघा. हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती, म्हणजे आयपीसीसी. तिच्या अहवालाचा सारांश देशोदेशींचे प्रतिनिधी ओळ न् ओळ तपासून मंजूर करतात. त्यामुळे त्यातला शब्द सहजी खोडून काढता येत नाही. हे काम मोलाचंच आहे. पण २०१८च्या अहवालातली दीड अंशाची तापमानवाढ ही अख्ख्या पृथ्वीच्या सरासरीची, औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेतली. समितीच्या अधिकृत भाषा सहा. त्यांत हिंदी नाही, गुजराती नाही, मराठीही नाही. उद्या दुपारच्या उन्हात हातगाडी कुठे लावू, हा रस्त्यावरच्या केळीवाल्याचा प्रश्न त्या सभागृहापर्यंत पोचतच नाही. त्याला उत्तर द्यायचं ते त्याच्या महापालिकेने.

(महापालिकेचा तापमान फलक. आकडा बदलतो.)

अहमदाबादने ते दिलं, पण मोठी किंमत मोजून. २१ मे २०१० रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. हे लगेच कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मागच्या-पुढच्या वर्षांच्या मृत्युनोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा आकडा बाहेर आला.

मग महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही परदेशी तज्ज्ञ संस्था एकत्र बसल्या. २०१३मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. त्याचा गाभा म्हणजे निरोप पोचवायची साखळी. अंदाज ४१.१ अंशांच्या पुढे गेला की पिवळा इशारा, ४३.१पासून नारिंगी, ४५ला लाल. इशारा निघतो महापालिकेच्या एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडून. तिथून तो रुग्णालयांना, १०८च्या रुग्णवाहिकांना, वॉर्डांना, वर्तमानपत्रांना आणि लोकांच्या मोबाइलवर जातो. लाल म्हटलं की कुणी काय करायचं, हे उन्हाळ्याआधीच ठरलेलं असतं. पाणपोया कुठे लावायच्या, डॉक्टरांनी कोणती लक्षणं बघायची, सगळं.

(शारदाबेन रुग्णालय. जिना, वरून खाली.)

हा जिना मुद्दाम दाखवतोय. शारदाबेन हे महापालिकेचं रुग्णालय. इथला बाळंतिणींचा कक्ष वरच्या मजल्यावर होता, छपराची सगळी धग तिथे उतरायची. २०१०च्या उन्हाळ्यानंतर तो खालच्या मजल्यावर आणला. उन्हाने आजारी होऊन अतिदक्षता विभागात येणारी तान्ही बाळं कमी झाली. खाटा खाली आणल्या, एवढंच. नवं यंत्र नाही, परदेशी निधी नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी उष्णतेच्या इशाऱ्यांवर एकत्र मार्गदर्शिका काढली ती २०१५मध्ये. अहमदाबादचे इशारे तोवर सुरू झाले होते. पुढे आपल्या नागपूरनेही आराखडा केला.

(बातम्यांतील दृश्यं : खारघरचं मैदान.)

मात्र अहमदाबादचे आकडे जसेच्या तसे उचलून चालत नाही. १६ एप्रिल २०२३, पनवेल महापालिकेच्या हद्दीतलं खारघर. उघड्या मैदानावरचा सोहळा, डोक्यावर ऊन. १४ माणसं गेली. जवळच्या केंद्रावर नोंद होती ३८ अंशांच्या आसपास. अहमदाबादच्या मोजपट्टीवर हा पिवळा इशाराही नाही. पण कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही. पनवेलचा आकडा पनवेलमध्येच ठरवावा लागेल, चंद्रपूरचा चंद्रपुरात.

(पुन्हा सरसपूर. पांढरी छपरं, वरून.)

देशात आराखडे आता भरपूर आहेत. दिल्लीच्या एका धोरण संशोधन संस्थेने २०२३मध्ये त्यातले ३७ तपासले. पैसा कुठून आणायचा, याचा उल्लेख फक्त ११ आराखड्यांत सापडला. तुमच्या नगरपालिकेकडे असा आराखडा असेल, तर अंदाजपत्रकात त्याचं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे पैशाची वेगळी तरतूद, आहे का आणि इशारा देणारा अधिकारी कोण, हे मार्चच्या आत लेखी विचारा.