दार काढलेलं कपाट

(दारातल्या चपला. आतून गलका.)

दारात चपलांचा असा खच पडला की ओळखायचं, बालविभाग उघडलाय. रविवार, सकाळचे दहा. कोल्हापूर जिल्ह्यातलं एक सार्वजनिक वाचनालय. आतल्या खोलीत चाळीसेक पोरं आणि एक ग्रंथपाल. बाई फळ्यावर तीनच आकडे लिहितात. 398. 523. 595.

(मुलं पळतात. आवाज तसाच ठेवा.)

595 म्हणजे किडे. 523 म्हणजे ग्रहतारे. आणि जिथं सगळ्यांत जास्त झुंबड उडालीय, ते 398, लोककथा. राक्षस, चेटकिणी, बोलणारे कोल्हे, सगळ्यांचा पत्ता एकच. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानं 1876 मध्ये विषयावरून पुस्तकांना आकडे देणारी ही दशांश पद्धत छापली. लहान वाचनालयांत बऱ्याचदा नुसत्या दाखल क्रमांकावर, म्हणजे पुस्तक ज्या क्रमानं आलं त्या आकड्यावर, भागवलं जातं. इथं मात्र बालविभागातल्या प्रत्येक पुस्तकावर बाईंनी स्वतः चिठ्ठी डकवलीय. कागद कापायचा, आकडा सुवाच्य काढायचा, खालून दोन बोटं सोडून खळीनं चिकटवायचा, वरून पारदर्शक टेप. दोन बोटं म्हणजे दोनच. नाहीतर फळीवर आकड्यांची ओळ वाकडी दिसते, आणि वाकडी ओळ बाईंना खपत नाही.

आता हे कपाट बघा. काचेची दारं काढून टाकलीत, बिजागऱ्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. याला म्हणतात मुक्तद्वार पद्धत. कुलूप नाही, चिठ्ठी देऊन मागणं नाही. वाचकानं हात घालायचा आणि पुस्तक काढायचं. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. कुलुपातली पुस्तकं फक्त वाळवी वापरते, हे मात्र आमचं.

ग्रंथालयांच्या बाबतीत हा मुलूख जुना. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यानुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्ग बघून अनुदान मिळतं. ते अनुदान, सभासदांची वर्गणी, कुणाची देणगी, यातूनच पुस्तकं, वीजबिल आणि बाईंचा पगार. रविवारच्या या खेळासाठी वेगळा रुपयाही नाही. खळ बाई घरून करून आणतात.

(पालखी वळणावर येते.)

27 फेब्रुवारी. कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. गावातून ग्रंथदिंडी निघालीय. पालखीत कोणती पुस्तकं बसवायची, हे यंदा मुलांनी मतदान करून ठरवलं. म्हणून तर जाडजूड पोथीच्या शेजारी सापांवरचं सचित्र पुस्तक दिसतंय, मुखपृष्ठावर फणा काढून. दारादारांत बाया पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, मग ओवाळतात. पोथीला हळदकुंकू, नागालाही हळदकुंकू.

(लेझीम. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

कपाटं उघडी केल्यावर काही पुस्तकं फाटली, काही परतच आली नाहीत, कार्यकारिणीत कुरबुरही झाली.

(पुन्हा बालविभाग.)

खेळ संपलाय. बहुतेक चपला गेल्यात. दोन वेण्यांची एक मुलगी अजून खालच्या फळीशी उकिडवी बसलीय.

"बाई, 398 मधली सगळी झाली. आणखी भुतं कुठं आहेत?"

बाई शिक्का मारता मारता, मान वर न करता सांगतात, "133."