बेलबॉटम, पावरी आणि न्यूयॉर्क

आयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय, 'युवकांच्या उपसंस्कृती : संगीत, वेशभूषा आणि मूल्ये'. छापलाय तर बोलावं लागेल. पण मला दोन वर्षांपासून एकच गोष्ट कुठंतरी बोलून टाकायची होती, आणि अमळनेरचे लोक ऐकून घेतात हा अनुभव आहे.

येताना दारातच एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "मास्तर, या पोऱ्यास्ना डोकावर कोंबडाना तुरा कसाले?" काका, तुमची १९७६ सालची बेलबॉटम मला आठवते. हसू नका, माझीही होती. शिंप्यानं विचारलं, बॉटम चोवीस ठेवू की सव्वीस? मी म्हटलं सव्वीस, कारण गल्लीतल्या दुसऱ्याची चोवीस होती. घरी वडील ओट्यावर बसलेले. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हाई काय शे? घागरा शे का?" त्या रागात सायकल काढली. एसटी स्टँडसमोर उजवा पाय चेनमध्ये गेला, मी खाली आणि सायकल माझ्यावर. सुटेना. शेवटी रसवंतीवाल्यानं विळ्यानं कापड कापलं. तेवढ्यात कॉलेजच्या मुलींची गाडी लागली, ते सोडून देऊ. आईनं दुसरा पायही कापून टाकला आणि दोन्ही घेरांच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या. टेरिकॉट असं चिवट की माझी फॅशन गेली, लग्न झालं, तरी त्या पिशवीतून भरताची वांगी येत होती.

(हो, चिठ्ठी मिळाली. पंधरा मिनिटं ना? बरं.)

तर संगीत. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातली सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, पैसे नव्हते. म्हणून तिनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, कूल हर्क. हे जमैकाहून आलेलं कुटुंब. त्यानं हेरलं होतं की गाण्यात गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, तिथं पोरं बेभान नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन रेकॉर्ड प्लेयरवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. हिप-हॉपचा, म्हणजे रॅप गाण्यांच्या त्या तऱ्हेचा, जन्म लोक त्या रात्रीचा धरतात. एका मुलीच्या कपड्यांच्या खर्चातून! आणि आपण म्हणतो, फॅशनपायी पोरं बिघडली.

आता आपल्याकडची वरात डोळ्यांपुढे आणा. बँडची गाडी, तिच्यावर कीबोर्डवाला. तो पावरी वाजवतो. पावरी हे मूळ सातपुड्यातल्या आदिवासींचं फुंकवाद्य, पण कीबोर्डवाल्याच्या बोटांत ते उतरलंय. पोरं ओरडतात, "भो, पावरी!" झालं. तोच चार सुरांचा तुकडा तो फिरवत राहतो, घोडा जागचा हलत नाही, नवरदेवाला घाम, टाळीची, म्हणजे लग्न लागायची, वेळ टळून गेलेली, आणि मुलीचा बाप मांडवातून निरोपावर निरोप धाडतोय. कूल हर्कनं दोन तबकड्यांवर केलं तेच आपला पोरगा दोन हातांनी करतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

वेश सांगायचा तर १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या कामगारांच्या पोरांनी राजा एडवर्डच्या काळातल्या बड्या लोकांसारखे लांब कोट घातले. एडवर्डचं लाडकं नाव टेडी, म्हणून त्यांना टेडी बॉय म्हणाले. आजोबांच्या मालकाचा कोट नातवानं अंगावर चढवला. आपल्याकडे वेगळं काय घडतं, याचा विचार तुम्हीच करा, मला...

(पाच मिनिटं? अहो, मूल्यं राहिली!)

पळत सांगतो. मी पस्तीस वर्षं मास्तर होतो. वर्गात अहिराणी बोललेल्या पोराला मी हात पुढे करायला लावलाय. "शुद्ध बोल!" छडी माझी होती, नाकारत नाही. आज ज्याच्या डोक्यावर तुरा आहे तो मोबाइलवर अहिराणीत गाणं म्हणतो आणि पुण्याला कंपनीत गेलेली पोरं ते लावून नाचतात. जी भाषा शाळेनं लाजवली, ती डीजेनं परत आणली. उपसंस्कृतीचं मूल्य म्हणतात ते मला इथं दिसतं. सगळंच चांगलं नाही. काही गाण्यांत बाईचं जे केलंय ते आपल्या लेकीसमोर लावता येणार नाही, आणि रात्री दहानंतर आवाज बंद हा कायदाच आहे, तो पोरांनाही लागू आणि गणपती मंडळाच्या अध्यक्षांनाही. पण कोंबड्याच्या तुऱ्यापाशी थांबू नका, गाणं ऐका.

काका, तुमची बेलबॉटम किती इंची होती, ते चहाच्या वेळी सांगा. अध्यक्ष उभे राहिलेच आहेत. हा घ्या माईक.