दिसतं सारखं, जुळत नाही

(पडद्यावर: टर्मिनल)

ही पायथॉन स्क्रिप्ट गावांच्या दोन याद्या ताडून पाहते. गोऱ्हे बुद्रुक दोन्हींत आहे, तरी स्क्रिप्ट म्हणते, दुसऱ्या यादीत नाही. प्रिंट टाकून पाहिलं, तर दोन्ही नावं हुबेहूब सारखी.

आता तीच स्क्रिप्ट पीडीबीखाली, म्हणजे पायथॉनच्या चुका शोधणाऱ्या डीबगरखाली, चालवू. तुलना २४व्या ओळीवर आहे, पण लूपमध्ये. प्रत्येक गावाला थांबत बसलो तर दिवस जाईल. म्हणून ब्रेकपॉइंटला, म्हणजे स्क्रिप्ट जिथे थांबवायची त्या खुणेला, अट घालायची: बी, २४, स्वल्पविराम, आणि पुढे ‘नाव गो-ने सुरू होत असेल तर’. मग सी, म्हणजे पुढे चालू दे.

(पडद्यावर: २४व्या ओळीवर बाण)

थांबली. बाण दिसतोय ती ओळ अजून चाललेली नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. त्या ओळीत भरलं जाणारं व्हेरिएबल आत्ता विचारलं, तर नेमएरर (असं नावच नाही) तरी येईल किंवा मागच्या फेरीतली किंमत दिसेल.

पी नाव, म्हणजे ‘नाव’ची किंमत दाखव.

(पडद्यावर: नावाच्या मध्ये उलटी तिरकी रेघ आणि यू२००डी)

सापडलं. प्रिंट फक्त अक्षरं रंगवतो; पी अदृश्य चिन्हंही उघडी करतो. इथला ऱ्ह साध्या र-ला हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह, तेच यू२००डी) लावून टाइप केलाय; दुसऱ्या यादीत त्यासाठी वेगळा ऱ आहे. ‘गोऱ्हे’ची लांबी इकडे ७, तिकडे ६. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं, हा जॉइनर काढत नाही; र, हलन्त, जॉइनरच्या जागी ऱ आणि हलन्त हा बदल स्वतःच करावा लागतो. तो बदल इथेच पी-पुढे लिहून तुलना करा: ट्रू. स्क्रिप्ट पुन्हा चालवायचीही गरज नाही.

हे नाव आलं कुठून? डब्ल्यू दाबा. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती उतरंड, म्हणजे कॉल स्टॅक, दिसते; त्यात तळाशी आपण. यू दाबला की ज्या फंक्शनने बोलावलं त्यात जातो, आणि तिथे फाइलचं नाव मिळतं.

एक खोड सांभाळा. एन नावाचं व्हेरिएबल पाहायला नुसतं एन टाइप केलं, तर पीडीबी त्याला ‘पुढची ओळ’ हा हुकूम समजतो आणि स्क्रिप्ट मुकाट एक ओळ पुढे सरकते. पी एन म्हणा.

स्क्रिप्ट आधीच चालू असेल, बंद करता येत नसेल, तर? पायथॉन ३.१४ पासून पीडीबीला वजा पी आणि प्रोसेस क्रमांक देऊन तिला जोडून घेता येतं. लिनक्सवर त्यासाठी बहुधा सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लागतो. मात्र ती नेटवर्कच्या उत्तरासाठी खोळंबली असेल, तर ते येईपर्यंत पीडीबीही ताटकळतो.