पाच छिद्रांवर भाळू नका

अध्यक्ष महाराज आणि नेमबाज मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय 'पॉइंट टू टू रायफलसाठी काडतुसांचा लॉट कसा निवडावा'. लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसं. वेळ अर्धा तास. त्यातला बराचसा परिचयातच गेला. माझ्या नावावर इतकी पदकं आहेत हे मलाही आजच कळलं.

मला सेंटरफायरवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्या काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्रायमर असतो त्यांचा, फार हेवा वाटतो. अमेरिकेत ही मंडळी घरच्या गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं भरतात. पावडर कणाकणानं कमी-जास्त करायची, गोळी जरा आत, जरा बाहेर बसवून बघायची, आणि आपल्या रायफलला काय मानवतं ते शोधायचं. आपल्याला ती सोय नाही. आपल्या काडतुसाचा प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारं मिश्रण, बुडाच्या कडेत असतो. कारखान्यात तो ओला असताना केस, म्हणजे काडतुसाचं कवच, गरगर फिरवतात, मिश्रण कडेत जाऊन बसतं. आपण ट्रिगर दाबला की पिन त्या कडेवर आपटते, कडेला पोचा पडतो आणि केस कायमची बाद. म्हणजे बदलायचं काहीच आपल्या हातात नाही, फक्त निवडायचं. कंपनी तीच, डबा तोच, पण शिसं, मेण, पावडर, प्रायमर यांच्यात लॉटागणिक बारीकसा फरक पडतो. एक लॉट तुमच्या नळीला मानवतो, तोच शेजाऱ्याच्या नळीला मानवेलच असं नाही.

फरक केवढा? गोळी साधारण सेकंदाला 325 मीटर वेगानं निघते. दोन गोळ्यांच्या वेगात 10 मीटरचा फरक असला, तर 50 मीटरवर नुसत्या गुरुत्वाकर्षणानं सुमारे 7 मिलिमीटर वर-खाली. आपल्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटरवर. म्हणजे तुम्ही श्वास, गाल, खांदा सगळं बिनचूक सांभाळलंत आणि जवळजवळ एक गुण काडतुसानं खाल्ला. दशांशात मोजलं तर 0.1 म्हणजे 0.8 मिलिमीटर. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरूला ब्राँझ घेतलं ते अंतिम फेरीत 451.4 वर, 44 शॉटमध्ये. भागाकार घरी जाऊन करा.

आता माझं दुखणं. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, संयोजकांनी क्षमा करावी. चांगल्या काडतुसाच्या डब्यावर लॉटचा नंबर छापलेला असतो. ईली या ब्रिटिश कंपनीच्या टेनेक्स काडतुसांवर तर त्या लॉटचा वेगसुद्धा फूट-सेकंदात छापतात. इतकी माहिती कंपनी देते, आणि आपल्याकडे मधला माणूस ती बघतच नाही. एके ठिकाणी, नाव सांगत नाही, मी एकाच लॉटचे डबे मागितले. मिळालेली वीट, म्हणजे दहा डब्यांचा गठ्ठा, उघडून बघतो तर त्यात तीन नंबर. मी परत गेलो. काउंटरमागचे गृहस्थ डबा हातात फिरवत म्हणाले, "सर, कंपनी तीच आहे, भावही तोच आहे." मी म्हटलं, "नंबर वेगळे आहेत." ते म्हणाले, "तुम्हाला नंबरवर नेम धरायचाय का?" मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. त्यांनी मॅनेजरांना बोलावलं. मॅनेजर आले, त्यांनी चष्मा लावला, तिन्ही नंबर मोठ्यानं वाचले आणि मला विचारलं, "यातला चांगला कुठला?" अहो, तेच तर शोधायचंय! शेवटी फॉर्म भरा म्हणाले. फॉर्मवर 'लॉट' असा रकाना होता. त्यात त्यांनी माझ्यादेखत लिहिलं, 'विविध'.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं.

तर आपल्यातच एक गृहस्थ आहेत, तिसऱ्या रांगेत बसलेत, हसताहेत. त्यांच्या पाकिटात बायकोच्या फोटोच्या जागी लॅमिनेट केलेलं टार्गेट आहे. पाच गोळ्या, एक भोक. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दाखवतात. तो लॉट निम्म्या क्लबनं घेतला. पुढे ग्रुप, म्हणजे छिद्रांचे झुबके, फुटायला लागले तेव्हा म्हणाले, काडतूस पावसात दमट झालं. आता ऐका. दहा जणांच्या हातात एकेक फासा द्या. कुणाला तरी बहुतेक सहा पडेलच. म्हणून तो फासा चांगला का? पाच गोळ्यांचा ग्रुप आपण लांबच्या दोन छिद्रांवरून मोजतो, उरलेली तीन फुकट जातात. एकाच लॉटचे असे दहा ग्रुप मारले, तर सगळ्यात लहान हा सगळ्यात मोठ्याच्या निम्म्याइतका येणं अगदी साहजिक आहे. दहा वेगवेगळे लॉट घेतलेत आणि ते अगदी सारखे असले, तरी तुम्हाला एक राजा आणि एक भिकारी दिसणारच. बरं, वाईट गोळीला आपण म्हणतो 'माझा झटका', चांगलीला म्हणतो 'लॉट भारी'.

मग करायचं काय? भराभर सांगतो. प्रत्येक लॉटच्या किमान 40 गोळ्या, दहा-दहाच्या चार फेऱ्या, लॉट आलटून पालटून. एकेका दमात संपवू नका, वारा बदलतो. कुठला लॉट चाललाय ते तुम्हाला कळू नये, दुसऱ्याला ट्रे भरायला सांगा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक शॉटची जागा देतं. सगळ्या शॉट्सचा मध्य काढा आणि मध्यापासूनच्या अंतरांची सरासरी घ्या. 'फ्लायर', म्हणजे बाकीच्यांपासून लांब पडलेली गोळी, खोडायचा नाही. दहाचा ग्रुप पाचापेक्षा सरासरी पाव पट मोठा येतो, त्यानं खचू नका. नवी काडतुसं लावल्यावर पहिल्या काही गोळ्या धरू नका, नळीत आधीच्या काडतुसाचं मेण असतं. ज्यांना जमेल त्यांनी काडतूस कंपन्यांच्या तपासणी केंद्रात, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला किंवा जर्मनीतल्या श्योनेबेकला, रायफल न्यावी, तिथे शिकंज्यात बांधून तपासतात. दोन लॉटमधला फरक किरकोळ निघाला तर स्वस्त तो घ्या. ठळक निघाला तर परवानगी आणि खिसा सोसेल तेवढा एकदम उचला. पैसा कुठून आणायचा ते पुढचे वक्ते सांगतील, ते बँकेत होते.