फाइल नेमकी कुठे असते?

(दृश्य : झाकण काढलेली हार्डडिस्क. तबकडी फिरू लागते.)

ही हार्डडिस्क फक्त चित्रीकरणासाठी उघडली आहे. झाकण निघालं की आत धूळ शिरते, त्यामुळे यापुढे तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. फिरताना बघून घ्या. मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवरून सरकणाऱ्या दांड्याच्या टोकाला वाचणारं आणि लिहिणारं हेड आहे. ते तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगत राहतं. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो.

रोज संगणक वापरणाऱ्याला हे माहीत असायला हवं का? मुळीच नाही. नॅनोमीटर ठाऊक नसले तरी कुणाचं काही अडत नाही. पण आपली फाइल कुठे आहे, डिलीट म्हटल्यावर तिचं काय होतं आणि तिची दुसरी कॉपी आहे का, एवढं कळायलाच हवं. वय, शिक्षण, नोकरी काहीही असो.

(दृश्य : संगणकाचा पडदा. पेन ड्राइव्हमधला फोटो डिलीट होतो.)

पेन ड्राइव्हवरचा हा फोटो. डिलीट केला. विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरची फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट दिसेनाशी होते. पण गेली का?

ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची नोंद असते : नाव काय, आतला मजकूर कुठून कुठपर्यंत. डिलीट म्हटलं की संगणक त्या नोंदीवर काट मारतो आणि जागा मोकळी झाली असं धरतो. फोटो असतो तिथेच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की मग तो जातो. म्हणून चुकून काही डिलीट झालं तर पहिलं काम म्हणजे त्या ड्राइव्हवर नवं काहीही सेव्ह न करणं.

(दृश्य : रिकव्हरी प्रोग्राम. फोटो हळूहळू उमटतो.)

रिकव्हरी प्रोग्राम ती मोकळी धरलेली जागा वाचत चालला आहे. फोटो वरून उमटू लागलाय. आधी आभाळ, मग झाडाचा शेंडा. आणि इथून खाली नुसता राखाडी पट्टा. तेवढ्या जागेवर मधल्या काळात दुसरी फाइल येऊन बसली.

एसएसडीमध्ये, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, गोष्ट वेगळी. तिथे मोकळी झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच पुसून ठेवतो, त्यामुळे परत मिळवायला बऱ्याचदा काहीच उरत नाही. उलट जुन्या हार्डडिस्कला क्विक फॉरमॅट मारला, म्हणजे फक्त नोंदी झटपट पुसल्या, तरी आतलं बरंचसं शाबूत राहतं, आणि अशा डिस्क विकल्या की लोकांचे खासगी कागद परक्या हातात जातात.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. अल्टेअर ८८००, मग मॅकिंटॉश.)

१९७५चा अल्टेअर ८८०० हा संगणक. की-बोर्ड नाही, पडदा नाही. समोर बटणांची रांग आणि लाल दिवे. बटणं वर-खाली करून एकेक आकडा आत भरायचा. हे यंत्र वापरायचं तर त्याचं पोट ओळखावंच लागे.

मग १९८१ साली झेरॉक्सच्या स्टार संगणकाने पडद्यावर कागद आणि फोल्डरची चित्रं मांडली. १९८४च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता. या चित्रांनी संगणकाची भीती घालवली, हे त्यांचं मोठंच काम. पण डबा रिकामा केला म्हणजे कागद नाहीसा झाला, असंही त्यांनीच शिकवलं. २००७ साली आयफोन आला आणि फोल्डरही दिसेनासे झाले. फोटो ‘फोनमध्ये’ असतात, बस्स. फाइली बघण्यासाठी आयफोनवर फाइल्स हे अॅप आलं ते २०१७ साली. मधल्या दहा वर्षांत ज्यांनी पहिल्यांदा हातात यंत्र घेतलं, त्यांना फाइल कुठेतरी ठेवलेली असते हेच कुणी दाखवलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. बनवणाऱ्यांनी सगळं झाकलं, पण बॅकअपची जबाबदारी वापरणाऱ्यावरच ठेवली, हे मला अन्यायाचं वाटतं.

(दृश्य : फोन आणि लॅपटॉप शेजारी शेजारी.)

फोन आणि लॅपटॉप एकाच खात्यावर सिंक आहेत. दोन्हीकडे तोच अल्बम. जागा हवी म्हणून फोनवरचा फोटो डिलीट केला. आता लॅपटॉपकडे बघा. तिथूनही गेला. पुष्कळांना वाटतं, दोन ठिकाणी दिसतो म्हणजे बॅकअप आहे. सिंक म्हणजे इकडे जे कराल तेच तिकडे, मग ते जोडणं असो की पुसणं. ठरावीक दिवस तो ट्रॅशमध्ये सापडतो, नंतर तिथूनही कायमचा जातो. बॅकअप म्हणजे या साखळीबाहेरची वेगळी कॉपी. काम झालं की काढून ठेवलेल्या, एरवी न जोडलेल्या डिस्कवरची.

(दृश्य : निळा पडदा, रिकाम्या चौकटी.)

आणि हा पडदा. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलल्यावर विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागतंय : ४८ अंकी. डिस्क ठणठणीत, फाइली जागच्या जागी, पण सगळं कूटबद्ध (एन्क्रिप्टेड), किल्लीशिवाय वाचता न येणारं. आता अनेक नव्या लॅपटॉपवर हे आपोआप चालू होतं आणि ही की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली जाते. विक्रेत्याने भलत्याच खात्याने लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर ती कीसुद्धा त्याच खात्यात. लॅपटॉप धड चालत असतानाच सेटिंग्जमध्ये जाऊन बघा : एन्क्रिप्शन चालू आहे का, खातं कुणाचं आहे. ती की उतरवून घ्या आणि लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता दुसरीकडे ठेवा.